‘घरात बसून’ या शब्दांबद्दल

नमस्कार दादा,

परदेशात दोन महिने फिरायला ४० लिटरची सॅक पुरते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: "घरात बसून असे सल्ले देणं सोपं आहे. थंडीचे कपडे, बूट, औषधं कुठे कोंबायची? ७० लिटरच्या खाली निघूच नये." मत वेगळं असू द्या, त्याचं काही नाही. पण ‘घरात बसून’ हे शब्द लागले. दोन दिवस डोक्यातून गेले नाहीत.

मी परभणीचा. २०१८ साली पहिल्यांदा देशाबाहेर पडलो, व्हिएतनाम आणि लाओसला, तेव्हा पाठीवर ७० लिटरचीच सॅक होती. आदल्या रात्री आईने ती उघडून पाहिली अन् म्हणाली, "एवढी जागा हाय, रिकामी कामून न्यायलास?" धोतराच्या फडक्यात बांधलेले धपाटे, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, जास्तीची एक चादर, सगळं आत गेलं. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा वजन १७ किलो. हनोईच्या जुन्या भागातल्या गेस्ट हाउसचा जिना इतका अरुंद, की वळणावर सॅक भिंतीला अडायची. चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा पट्ट्याखाली उजव्या खांद्याची कातडी सोलून बनियनला चिकटली होती. त्याचा डाग अजून आहे. घरात बसून खांदा सोलत नाही, दादा.

आणि तो नुसत्या वजनाने सोलला नाही. कंबरपट्टा कंबरेवर बसतच नव्हता, पार खाली घसरायचा. माझी पाठ आखूड, सॅक लांब पाठीच्या माणसाची. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका वर येतो, तिथून कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा आणि त्या मापाची सॅक घ्यायची. तरच भार खांद्यावरून कंबरेवर उतरतो. लिटर त्यानंतर. हे मी त्याच लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नाही, एवढं दिसतंय.

एक चूक कबूल. विमानात सोबत न्यायच्या बॅगेला बऱ्याच कंपन्या ७ किलोच चालू देतात आणि त्यात रिकाम्या सॅकचंही वजन धरतात, हे लिहायचं राहिलं होतं. सॅकच दीड किलोची असेल तर सामानाला साडेपाच किलो उरतात. लेखात भर घातली आहे.

थंडीचं म्हणाल, तर जाकीट अंगात, बूट पायात. औषधांना जागा ती कितीशी लागते! यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

२०२३ मध्ये ४० लिटरवर ५८ दिवस काढले. तीन शर्ट, दोन पॅन्ट, रोज रात्री बेसिनमध्ये धुणं. पुन्हा लिहाल तेव्हा तुमच्या पाठीचं माप आणि भरलेल्या सॅकचं वजन तेवढं कळवा, मी जरूर उत्तर देईन. मी कुठे बसून लिहितो, हे मात्र तुम्ही ठरवू नका.