डोक्याला मार लागलाय, शीर्षासन कसलं करायला लावता?

"खेळताना डोक्याला मार लागला की मेंदूचं रक्त कमी होतं. मुलाला पाच मिनिटं शीर्षासन करायला लावा. बेशुद्ध पडला नसेल आणि सीटी स्कॅन नॉर्मल असेल तर दुसऱ्या दिवशी मैदानावर पाठवा." नाशिकमधल्या क्रिकेटवाल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज ताईपर्यंत पोचला. भाच्याला रविवारी गोल्फ क्लब मैदानावर हेल्मेटवर चेंडू बसला होता. मी सिडकोत ताईकडे गेले तेव्हा पोरगं भिंतीला पाय टेकवून, घडी केलेल्या सतरंजीवर डोकं ठेवून उलटं उभं होतं. चेहरा लालबुंद! आधी त्याला खाली उतरवलं.

डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडतं, त्याला कन्कशन म्हणतात. त्यात मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो, एवढं मान्य करावंच लागतं. 2015 मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त आलेल्या अभ्यासात कन्कशन झालेल्या 17 अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचे एमआरआय एका दिवसाने, आठवड्याने आणि महिन्याने काढले होते. आठवड्यानंतरही मेंदूच्या काही भागांत प्रवाह कमीच होता. महिन्याभरात तो बहुतेक सावरला, पण ज्यांना बरं व्हायला वेळ लागला त्यांच्यात एका भागात तेव्हाही कमी होता.

पण रक्त काही पायात उतरलेलं नसतं, की उलटं केलं आणि परत आलं! धक्क्याने पेशींतलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं. ते पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमकं तेव्हाच बारीक रक्तवाहिन्यांचं नियंत्रण बिघडलेलं असतं. अशा वेळी उलटं उभं केलं तर डोक्यातून रक्त परत यायला अडथळा होतो, कवटीतला दाब वाढतो. आत रक्तस्राव होत असेल तर जिवावर बेतेल. मानेला दुखापत असेल तर ते वेगळंच.

बेशुद्धीचं म्हणाल तर कन्कशन झालेले बहुतेक खेळाडू शुद्धीतच असतात. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो, कन्कशन त्यात दिसत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मैदान? 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेली पद्धत अशी: संशय आला की लगेच खेळ बंद, पहिले 24 ते 48 तास सौम्य विश्रांती (घरातल्या घरात चालायला हरकत नाही), मग एकेक पायरी, आणि पुन्हा मार बसू शकेल असा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं किंवा मूल झोपेतून उठेना, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

भाचा अजून ट्यूबलाइट लावली की डोळे मिटतो. ताईने हे सगळं त्याच ग्रुपवर टाकायचं कबूल केलंय.