मूठ आवळून वाळू पास होत नाही

घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक संदेश सारखा फिरतोय. मथितार्थ असा: वाळू मुठीत आवळा, हात मळला नाही तर वाळू पास. क्रश सँड म्हणजे दगडाची भुकटी, तिच्या वाटेला जाऊ नका. खडी काळी असली की बघायला नको. जिभेला खारट लागली नाही तर वाळूत मीठ नाही. ओली वाळू म्हणजे ताजी, तीच घ्या. शेवटी सल्ला, लॅबचे पैसे वाचवा. या भरवशावर लोक स्लॅब टाकताहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

आधी मूठ. गाळ फार असेल तर हात मळतो, एवढं खरं. पण गाळ 5 टक्के आहे की 12, हे तळहात सांगत नाही, आणि निर्णय तर त्या आकड्यावरच घ्यायचा असतो. त्यासाठी 250 मिलीचं काचेचं मोजपात्र पुरतं. ढिगाच्या पाच-सहा ठिकाणांहून, वरचा थर बाजूला सारून, आतली वाळू घ्या आणि एकत्र कालवा. पात्रात 50 च्या खुणेपर्यंत मिठाचं पाणी ओता (लिटरला 10 ग्रॅम मीठ). मग वाळूची पातळी 100 वर येईपर्यंत वाळू टाका, पुन्हा तेच पाणी 150 पर्यंत. तोंडावर तळहात दाबून जोरात हलवा आणि सपाट जागी 3 तास ठेवा. मीठ टाळू नका. साध्या पाण्यात चिकणमातीचे बारीक कण तरंगत राहतात आणि गाळ आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मिठाने ते एकमेकांना धरून खाली बसतात. वाळूवर मऊ, तपकिरी थर स्पष्ट दिसतो. वाळू 90 मिली आणि थर 9 मिली, म्हणजे गाळ 10 टक्के. साइटवर आकारमानाने 8 टक्क्यांची मर्यादा पाळतात, तेव्हा ही वाळू धुतल्याशिवाय वापरायची नाही. हा गाळ कणांभोवती पापुद्र्यासारखा बसतो, सिमेंटला दगड धरू देत नाही आणि पाणीही जास्त मागतो.

आता क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नदीची वाळू आणि क्रश सँड दोन्ही आहेत, फक्त मर्यादा वेगळ्या आहेत. 75 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) बारीक माल नदीच्या वाळूत वजनाने 3 टक्क्यांपर्यंत चालतो, क्रश सँडमध्ये 15 पर्यंत, कारण तिथे तो मातीचा नसून दगडाचा असतो. म्हणूनच वरची पात्राची चाचणी क्रश सँडला लावू नका, चांगला मालही नापास होईल. तिला चाळणीवर धुऊन वजन करावं लागतं. बारीक माल दगडाचा की मातीचा अशी शंका आली तर लॅबमध्ये मिथिलिन ब्लू चाचणी करून घ्या. संदेशातली भीती एका बाबतीत रास्त आहे: क्रशरखालची डस्ट ‘क्रश सँड’ म्हणून खपवली जाते. ती ओळखायचं साधन चाळणीच. वाळवलेली 1 किलो वाळू 4.75 मिमीपासून 150 मायक्रॉनपर्यंतच्या संचातून चाळा. 600 मायक्रॉनमधून 35 ते 59 टक्के गेली आणि बाकीच्या चाळण्यांचे आकडेही जुळले, तर ती झोन 2 ची (मानकातल्या जाड-बारीक प्रतवारीचा दुसरा गट), काँक्रीटला उत्तम. 150 मायक्रॉनमधून 20 टक्क्यांहून जास्त जात असेल तर गाडी परत पाठवा. नदीच्या वाळूला तिथे 10 टक्केच मुभा आहे.

काळी खडी? आपल्याकडचा बेसाल्ट काळाच असतो, पण झिजलेला, पांढऱ्या गाठींचा मऊ दगडही लांबून काळाच दिसतो. रंगापेक्षा आकार पाहा. 20 मिमीतून गेलेले आणि 16 वर अडकलेले तुकडे घ्या, निदान 200. जाडी 10.8 मिमीहून कमी तो चपटा, लांबी 32.4 हून जास्त तो लांबट. दोन्ही मिळून 40 टक्क्यांच्या आत हवेत. चपट्या खडीखाली पाणी साचतं आणि दाट सळईत ती आडवी अडकून पोकळ्या राहतात.

मिठाचं गणित सरळ आहे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला सगळं मिळून 0.6 किलो क्लोराइड (मिठातला सळई गंजवणारा घटक) चालतं. त्यात वाळू साधारण 700 किलो. म्हणजे 700 ग्रॅम वाळूत 0.6 ग्रॅम, तेही सिमेंट, पाणी, खडीत काहीच नाही असं धरून. एवढ्या बारीक फरकावर जिभेचा निवाडा चालत नाही. खाडीची वाळू असेल तर क्लोराइडचा लॅब-रिपोर्ट घ्याच.

ओल्या वाळूचा मुद्दा सर्वांत महाग पडतो. 5 टक्के ओलाव्याला वाळू सहज 25 टक्के फुगते. 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात सिमेंटच्या 35 लिटरच्या एका बॅगेला 52.5 लिटर वाळू लागते. फुगलेली मोजली तर प्रत्यक्षात 42 लिटरच पडते. वर तिच्यातून तीन-साडेतीन लिटर पाणी न मोजता आत जातं. फुगवटा साइटवर मोजता येतो. सरळ भिंतीच्या डब्यात वाळू सैल भरून उंची घ्या, समजा 20 सेंमी. ती काढून डबा अर्धा पाण्याने भरा, वाळू दोन टप्प्यांत परत टाका आणि दर वेळी सळईने ठोसा. आता उंची 16 भरली तर फुगवटा 25 टक्के. त्या दिवशी वाळू मोजायच्या फरम्यात 52.5 ऐवजी 65.6 लिटर वाळू भरायची आणि वाळूतलं पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा करायचं. पाऊस पडून गेला की मोजणी पुन्हा.