लिव्हरच्या पेशंटला पाणी विकणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. घाईत असाल तर पुढं सरका.

इथं लातुरात एका मंगल कार्यालयात सकाळी 'मोफत आरोग्य शिबीर' होतं. शेजारच्या काकू ओढून घेऊन गेल्या. बीपी नाही, शुगर नाही, कुणाला एक सुई टोचली नाही. टाय लावलेला एक पोरगा आणि त्याच्या मागं बॅनर: 'जपानी संशोधन! हायड्रोजन वॉटर! २८ दिवसांत लिव्हर साफ!' म्हणजे मशीननं हायड्रोजन वायू मुरवलेलं पाणी.

मग तोच जुना खेळ. एका ग्लासात बोअरचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हीत लोखंडी सळया बुडवल्या, बटण दाबलं. बघता बघता बोअरचं पाणी तांबूस झालं, वर घाण फेस, खाली गाळ. मशीनचं नितळ. पुढं बसलेल्या आज्जींनी पदर तोंडाला लावला. "हेच पिता ना रोज, आज्जी?"

अहो, तो रंग सळईचा आहे! बोअरच्या पाण्यात क्षार, त्यामुळं वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. क्षार काढलेल्या पाण्यात वीज धड वाहतच नाही. त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका, त्याचीही तीच गत होईल. मी उठून तसं म्हणले, तर "मॅडम, प्रश्न शेवटी." शेवटी फॉर्म भरून घेतले आणि माईक बंद.

हाच ग्लास माझ्या मामांपुढं ठेवला होता.

मामा माळकरी. जन्मात दारूला शिवले नाहीत. सिरॉसिस (लिव्हर घट्ट होऊन निकामी होत जाणं) निघाल्यावर गाव काय म्हणालं असेल ते सांगायला नको. 'चोरून घेत असणार.' मूळ कारण हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरवर हल्ला करणारा व्हायरस होता, पण पारावर रिपोर्ट कोण वाचतंय? अशा माणसाला त्या सळईवाल्यानं सांगितलं, "मामा, तुमचा काहीच दोष नाही, दोष पाण्याचा." संपलं. सोयाबीनची पट्टी नुकतीच हातात आली होती, ती तशीच मशीनला गेली. हिपॅटायटिस बी पाण्यातून होत नाही, रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला होतो, हे मी बोंबलून सांगितलं. पण माझ्या बोलण्यानं त्यांची बदनामी धुतली जात नव्हती, त्याच्या बोलण्यानं जात होती.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिंक टाकणारच, म्हणून आधीच सांगते. हो, संशोधन आहे. २००७ साली टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधल्या ओहतांच्या टीमनं 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की हायड्रोजन वायू पेशींना जाळणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाच्या कणाला निवडून निकामी करतो. उंदरांच्या मेंदूत. नंतर लिव्हरवरही काम झालं. आणि बॅनरवरचे ते २८ दिवस कुठून आले, तेही मला माहितीये. सर्बियातला २०१९ चा छोटा अभ्यास. माणसं किती? बारा! तीही फॅटी लिव्हरची, वजन जास्त असलेली, सिरॉसिसची नाहीत. लिव्हरमधली चरबी थोडी उतरली. चांगलंय, पुढं मोठा अभ्यास करा. चीनमध्ये २०१३ ला हिपॅटायटिस बीच्या साठ पेशंटवर बघितलं, तर रक्तातला ऑक्सिडेटिव्ह ताण (असल्या कणांचा पेशींवरचा मारा) कमी झाला, पण लिव्हरचं काम आणि व्हायरसचं प्रमाण बघता हायड्रोजनचं पाणी पिणारे आणि न पिणारे यांच्यात ठोस फरक निघाला नाही. हे बॅनरवर का नाही?

उद्या हायड्रोजनचं खरंच औषध झालं तर सगळ्यात आधी मी पेढे वाटेन. पण ते झाल्यावर!

शिवाय हा वायू लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅमच्या आसपास मुरतो आणि उघडं ठेवलं की उडून जातो. मामी ते पाणी सकाळी कळशीत भरून ठेवायच्या आणि दिवसभर द्यायच्या. म्हणजे मामा दुपारी काय पीत होते? साधं पाणी. (हायड्रोजनच पाहिजे तर हरभऱ्याची उसळ खा, आतड्यातले जीवाणू फुकट बनवतात. हे गमतीत नाही म्हणत.)

आणि मामांना साधं पाणीसुद्धा मोजून होतं हो! पोटात पाणी साचलेलं, रक्तातलं सोडियम उतरलेलं. डॉक्टरांनी मीठ कमी आणि पाणी मापात सांगितलेलं. हा सळईवाला म्हणतो, रोज दोन लिटर पाजा. मामी मला फोनवर, "डॉक्टर मोजून द्या म्हणायलेत, आन् ह्ये भरपूर पाजा म्हणायलेत, म्या कुणाचं ऐकू माय?" पायावर सूज चढली तर म्हणे 'विषारी द्रव्यं बाहेर पडायलीत'. लघवीच्या गोळ्या मध्येच बंद. मग एका रात्री मामा माणसं ओळखेनात.

मामा मशीनमुळं गेले असं मी म्हणत नाही. आजार पुढं गेलेला होता. पण ते शेवटचे महिने...

जाऊ दे. त्या टायवाल्या पोराचाही आता तेवढा राग येत नाहीये. डी. फार्म झालेला, म्हणाला. नोकरी नाही, स्वतःच कर्ज काढून मशीन घेतलेलं, खाली चार माणसं जोडायची आहेत. आपल्या मराठवाड्यात असली पोरं गल्लीगल्लीत आहेत. आणि कबूल करते, मामांजवळ तासभर कोण बसलं, तर तो सळईवालाच. दवाखान्यात दोन मिनिटांत 'नेक्स्ट'. ओपीडीची गर्दी मलाही दिसते, पण माणसाला दोन मिनिटांत काय कळणार?

राग येतो तो वर बसून कमिशन मोजणाऱ्यांचा. पाण्यासाठी २०१६ ला मिरजेहून रेल्वे मागवणारं हे गाव. इथं पाण्याची भीती विकायला फार अक्कल लागत नाही.

सकाळी तिथं एवढी माणसं बसली होती, एकालाही कुणी सांगितलं नाही की हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, औषधं सरकारच्या कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहेत. सी तर गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. बीला टेनोफोविरसारख्या गोळ्यांनी आवर घालता येतो, आणि लागण नसेल तर लस आहे. एकाला बी निघाला की घरातल्या सगळ्यांनी तपासायचं असतं.

मामांच्या धाकट्यानं अजून तपासलेलं नाही. मशीन मात्र रोज चालू करतो, हप्ते फेडलेत म्हणून. सोमवारी मी रजा टाकलीये. त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जाणार, नाही म्हणाला तरी.