बिलरोथ आणि ब्राह्म्सची अंगाई : एक खुलासा

शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांच्याविषयी एक मेसेज फिरतोय. त्यानुसार त्यांनी जगात सर्वप्रथम जठराचा कर्करोग कापून काढला, रुग्ण कायमची बरी झाली आणि त्या आनंदात त्यांचा मित्र, संगीतकार ब्राह्म्सने त्यांना आपली प्रसिद्ध अंगाई अर्पण केली.

आधी अंगाईचं. ती १८६८ची, म्हणजे १८८१च्या त्या शस्त्रक्रियेच्या तेरा वर्षं आधीची. बर्टा फाबर या मैत्रिणीला मुलगा झाला म्हणून लिहिलेली. बिलरोथना ब्राह्म्सने अर्पण केली ती ५१व्या क्रमांकाच्या रचनेतली दोन तंतुवाद्य-चतुष्टकं (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), १८७३ साली. छापील स्वरलिपीवर तशी अर्पणपत्रिकाच आहे. आणि हा मान नुसत्या मैत्रीचा नव्हता. बिलरोथ पियानो आणि व्हायोला (व्हायोलिनसारखंच, थोडं मोठं वाद्य) वाजवत, झुरिकमध्ये असताना वर्तमानपत्रात संगीतसमीक्षाही लिहीत. पुढे व्हिएन्नात ब्राह्म्सच्या नव्या रचना त्यांच्या घरच्या मैफलींत वाजत. संगीताची जाण म्हणजे नेमकं काय, यावर ते शेवटपर्यंत लिहीत होते. ते लेखन १८९४मध्ये त्यांच्या निधनानंतर छापून आलं.

शस्त्रक्रियेबद्दल, 'पहिली' नव्हे, 'पहिली यशस्वी' म्हणावं. पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक पेआँ यांनी १८७९मध्ये आणि दुसरे शल्यचिकित्सक रिडिगिअर यांनी १८८०मध्ये असा प्रयत्न केला होता. दोन्ही रुग्ण दगावले. बिलरोथ यांची रुग्ण २९ जानेवारी १८८१च्या शस्त्रक्रियेतून वाचली, पण कर्करोग उलटला आणि सुमारे चार महिन्यांनी ती गेली. माझ्या मते यात त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.