बेस कुठाय?

परवा बेळगावात गणपत गल्लीतल्या एका दुकानात मोठ्या पिनचा कन्व्हर्टर घ्यायला गेलो. पाच मिनिटांचं काम. बसतो का बघावं म्हणून हेडफोन सोबत नेलेला. दुकानदारानं पिन आपल्या मोबाईलात खुपसली, आणि शेजारी उभ्या गिऱ्हाईकानं मला न विचारता तो हेडफोन उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला.

गिऱ्हाईक साउंडवाला निघाला. वरात, मिरवणूक, उरूस, सगळीकडं आपलेच बॉक्स, हे त्यानंच सांगितलं. खिशात टेस्टर, गळ्यात केबलचं वेटोळं. त्यानं डोळे मिटले. दाद येणार म्हणून मी उगाच सावरून उभा राहिलो.

"बेस कुठाय?"

"आहे की. नीट ऐका."

"छे ओ. बेस म्हंजे हितं लागला पाहिजे!" असं म्हणून त्यानं छातीवर दोन बोटं आपटली. माझ्या छातीवर.

मग हेडफोन काढून ट्यूबलाइटसमोर धरला आणि एक डोळा मिटून आत बघितलं. "ह्याला भोकं आहेत की ओ! आवाज सगळा बाहेर जायलाय." दुकानातल्या पोरानं कान लावला, मान हलवली, "एनू इल्ल री" म्हणाला, म्हणजे कानडीत 'काहीच नाही हो'. सीमाप्रश्नावर कधी जुळल्या नाहीत त्या दोन भाषा माझ्या हेडफोनवर एका क्षणात जुळल्या.

मी समजावायला लागलो. ही जाळी मुद्दाम असते. मागचा आवाज कपात कोंडला की घुमतो. मोकळा सोडला की तंबोरा डोक्याच्या आत न वाजता जरा लांब, बैठकीत बसल्यासारखा वाटतो. शिवाय ह्याचा विजेला अडथळा ३०० ओमचा, मोबाईलवर दबलेलाच बोलणार. त्याला वेगळा अँप लागतो.

"म्हंजे हेडफोनला मशीन लागतंय?"

"हो."

"मग बॉक्सच घ्या की!"

यावर काय बोलणार? किंमत विचारली, तेव्हा घरी सांगितलेलाच आकडा सांगितला. तरीही त्यानं दुकानदाराकडं अशा नजरेनं पाहिलं, की बिचाऱ्याला कुणीतरी घोळात घेतलंय.

आता यात माझं काय चुकलं? कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले. क्षयानं फुफ्फुस खाल्लं, तरी माणूस पुन्हा गायला उभा राहिला. छोट्या छोट्या झेपा, आणि मध्ये सोडलेली जागा. ती जागा मला ऐकायची असते. तिथं बेस ओतून कसा चालेल? पण ह्या माझ्या ऐकण्याला 'नाद' म्हणायचं आणि त्याच्या बेसला परंपरा. कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. गेल्या चतुर्थीत आमची तावदानं थरथरत होती, आणि शेजारच्या आजी उशाशी कापूस घेऊन बसल्या होत्या. तक्रार केली तर "वर्षातनं एकदाच असतंय की." एकदाच कुठलं? लग्नं आहेत, जयंत्या आहेत, निवडणुका आहेत, कुणीतरी निवडूनही येतं. माझी आवड, अगदी जाळीतून गळली तरी, फार तर बायकोपर्यंत पोचते. ह्याची आवड तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत जाते. आणि खुलासा मात्र मी द्यायचा, तोही काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर.

कन्व्हर्टरचे पैसे देऊन निघालो तर हा मागून, "राहता कुठं तुम्ही?"

वडगाव, म्हणालो. गल्लीही सांगून बसलो.

"अरे, मग यंदा तुमच्याकडं आपलाच साउंड! या की ऐकायला. बेस काय असतोय ते कळंल."

"यायला कशाला पाहिजे," मी म्हणालो. "घरातच कळंल."

त्यानं हे कौतुक समजून माझा खांदा थोपटला. जाळीतून आवाज जसा बाहेर जातो तसा आतही येतो, हे काही मी त्याला सांगितलं नाही.