उजेड विकत घ्या, तोही हप्त्यावर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की पूर्वी आधी झोका बांधला जायचा, आता सौंदर्याच्या यंत्रांसाठी एक्स्टेंशन बोर्ड शोधला जातो. तुमच्या बॅगेत अजून नुसता कंगवाच असेल, तर ताई, तुमचं काही खरं नाही.

आधी एलईडी मास्क मागवा, म्हणजे कातडी सुधारावी म्हणून तोंडावर चढवायचा दिव्यांचा मुखवटा. जळगावात पारा ४५ला टेकलेला असताना डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळायचा, स्कूटीवरून घर गाठायचं, स्कार्फ सोडायचा आणि लगेच मुखवटा चढवून विकतचा उजेड तोंडावर घ्यायचा. बाहेरचा फुकट पडतो, म्हणून त्याला किंमत नाही. हा लाल, ६३० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा. आकडा पाठ करा, जावांसमोर कामी येतो. फरक दिसायला आठ-बारा आठवडे धीर धरा, असं विकणारे सांगतात. वस्तू परत करायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते, पण तो आपला योगायोग. आजी दारातून ओरडली, "हाई काय शे व माय?" तरी मुखवटा काढू नका. दहा मिनिटं पुरी व्हायची आहेत.

मग केस घालवायचं आयपीएल यंत्र, क्रिकेटचं नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत मारणारं. त्याचा झगझगीत प्रकाश केसातल्या मेलॅनिनमध्ये, म्हणजे काळसर रंगद्रव्यात, शोषला जातो, तिथे तापतो आणि मुळाला चटका देतो. पण मेलॅनिन कातडीतही असतं, आणि खानदेशात देवाने ते वाटताना हात आखडला नाही. म्हणून बरीच यंत्रं आधी कातडीचा रंग तपासतात. बाहीच्या आत दंडावर टेकवलं की खुशाल चमकतं. चार बोटं खाली आलात, जिथे उन्हाने रापवलंय, की दिवा लुकलुकतो आणि यंत्र हटून बसतं. भाजण्यापासून वाचवतंय बिचारं, पण एवढे पैसे मोजून नकार ऐकायचा म्हणजे काय! दंड तेवढे गुळगुळीत करा आणि लग्नात बिनबाह्यांचं ब्लाऊज घाला. सासूबाईंच्या हनुवटीवरचे पांढरे केस मात्र यंत्राला सापडत नाहीत. तिथे चिमटाच.

चेहऱ्याला वाफ देणारं यंत्रही घ्या, मे महिन्यातच घ्या. लाइट गेली तर गच्चीवर जाऊन उभ्या राहा, परिणाम तोच.

आणि खोके जपून ठेवा. पुढच्या आखाजीला नणंदेला द्यायला बरे पडतात. चार्जर आहे, पुस्तिका आहे, डोळ्यांवरचा चष्मा तेवढा पोरांनी मोडलाय म्हणून सांगायचं.