दुप्पट डोस मारून तण हटत नाही

शून्य मशागत म्हणजे न नांगरता शेती करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पेरणीआधी ग्लायफोसेट या तणनाशकाचा दुप्पट डोस मारा, तण मेलं नाही तर कंपनी बदला, तरीही राहिलं तर नांगर घाला. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिल्या दोन्हींनी फक्त तणाचंच भलं होतं.

डोसचं आधी बघू. लाखो रोपांत एखादं मुळातच औषधाला दाद न देणारं असतं. बाकीची मरतात, ते बी धरतं. दरवर्षी तेच औषध मारत राहिलं की काही हंगामांत रानात त्याचीच पिलावळ उरते. अमेरिकेत डेलावेअरमध्ये न नांगरता घेतलेल्या सोयाबीनमध्ये हॉर्सवीड नावाचं तण 2000 साली असंच ग्लायफोसेटला पुरून उरलं. पुढे जॉर्जियात राजगिऱ्याच्या कुळातल्या पामर अमरँथचा नंबर लागला. ग्लायफोसेट रोपातल्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्या जनुकाच्या शंभराहून जास्त प्रती या तणाच्या काही रोपांत सापडल्या, म्हणजे ते एन्झाइमही तिथे भरपूर. तिथे दुप्पट डोस काय करणार? आपल्या ओळखीच्या गाजर गवतातही कोलंबियात 2004 मध्ये हा प्रतिकार नोंदवला गेलाय.

अर्थात वाचलेलं प्रत्येक तण प्रतिकारकच असतं असं नाही. केना या तणावर ग्लायफोसेट पहिल्यापासूनच कमी चालतं. त्याला पेऱ्यापेऱ्यावर मुळं फुटतात, जमिनीखालीही बी धरतं. ओढ्याचं गढूळ पाणी पंपात भरलं तर औषध मातीच्या कणांना चिकटून वाया जातं. गुडघाभर वाढलेलं तणही सहज मरत नाही. हे सगळं ठीक असूनही एकाच जातीची काही रोपं वाळलेली आणि त्यांना खेटून काही टवटवीत दिसली, तर मात्र प्रतिकाराची शंका घ्या.

कंपनी बदलून काय होणार? राउंडअप काय, ग्लायसेल काय, दोन्हींत ग्लायफोसेटच. डब्यावर बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते वाचा आणि वेगळ्या पद्धतीने मारणारा तणनाशकांचा गट निवडा. शिवाय ग्लायफोसेट मातीत गेलं की निष्क्रिय होतं, नंतर उगवणाऱ्या तणाला ते काहीच करत नाही. त्यासाठी पेंडीमेथॅलिनसारखं उगवणपूर्व तणनाशक लागतं, तेही लेबलवर आपल्या पिकाचं नाव असेल तरच.

राहिली नांगरट. हरियाणात 1990 च्या दशकात गव्हातलं गुल्ली-डंडा नावाचं तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेना. तेव्हा नव्या तणनाशकांच्या जोडीला शून्य मशागतीचा गहू आला आणि तण कमी उगवलं, कारण माती कमी हलली आणि खालचं बी वर आलं नाही. पुढे त्या नव्या औषधांनाही हे तण सरावलं, तो दोष न नांगरण्याचा नव्हता.

म्हणून रानात धसकट, पालापाचोळा राहू द्या, पिकांचा फेरपालट करा. फवारणीतून वाचलेली रोपं फुलं येण्याआधी मुळासकट उपटा, गाजर गवत असेल तर हातमोजे घालून. त्याचं एक झाड हजारो बिया टाकतं.